प्रायमरी चेनकेसमधला ठोका : ठाण्यातील एका जुन्या बुलेटचे प्रकरण

एका सिलिंडरच्या जुन्या इंजिनातून मोठा लोखंडी ठोका येऊ लागला की पहिला आळ कनेक्टिंग रॉडवर जातो. आळ घेण्यात गैर काही नाही, कारण बिग एंड, म्हणजे रॉडचे क्रँककडील टोक आणि तिथले बेअरिंग, खरोखरच गेलेला असेल आणि गाडी तशीच रेटली तर रॉड तुटून क्रँककेस फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. परंतु हा आळ सिद्ध करायचा तर इंजिन फ्रेममधून उतरवून क्रँककेसचे दोन्ही भाग वेगळे करावे लागतात, आणि तसाच ठोका देऊ शकणारी प्रायमरी ड्राइव्हची, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे नेणारी, डावी बाजू मात्र एका झाकणामागे, तासाभराच्या कामाच्या अंतरावर असते. म्हणून आधी डावी बाजू निर्दोष ठरवावी आणि मगच क्रँककडे वळावे, असे माझे ठाम मत आहे. पुढील प्रकरणात हा क्रम पाळल्यामुळे एक धडधाकट इंजिन विनाकारण खोलले जाण्यापासून वाचले.

गाडी होती १९९८ सालची बुलेट स्टँडर्ड ३५०. ओतीव लोखंडाचा सिलिंडर, ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक, चार गिअर, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक, पॉइंटचे इग्निशन आणि बारा व्होल्टची बॅटरी, अशी जुन्या घडणीची. ती आमच्या वागळे इस्टेटमधील गॅरेजात आली तेव्हा पावसाळा नुकताच संपला होता. मालक कासारवडवलीला राहतात आणि कामासाठी रोज घोडबंदर रस्त्याने माजिवड्यापर्यंत येऊन पुढे नौपाड्यात जातात. त्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच दाबत-सोडत, रांगत जाण्याखेरीज दुसरा इलाज नसतो. गाडीच्या या वापराचा पुढच्या निदानाशी थेट संबंध आहे.

तक्रार एकच होती. गाडी स्लोवर, म्हणजे थ्रॉटल न देता सर्वांत कमी वेगावर, उभी असताना इंजिनाच्या डाव्या बाजूने हातोडीने ऐरणीवर मारल्यासारखा आवाज येत असे, आणि तो सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर ऐकू जाई. आधी एका गॅरेजात गाडी दाखवून झाली होती, तिथे रॉड गेला, इंजिन बांधावे लागेल, असा निकाल मिळाला होता. मालकांनी वडिलांची गाडी म्हणून खर्चाची तयारीही केली होती. “काका, इंजिन बांधायचंच असेल तर बांधू या, पण आधी तुम्ही एकदा ऐकून सांगा,” एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांना स्वतःला महत्त्वाची वाटत नव्हती: काही महिन्यांपासून हेडलाइटवरील ॲमीटरचा काटा थरथरत असे आणि स्लोवर हॉर्न बसका वाजत असे. मोठ्या ठोक्याच्या तक्रारीत असे तपशील वाहून जातात, म्हणून ते मी कागदावर लिहून ठेवले.

आवाज ऐकण्याआधी डाव्या बाजूची रचना डोळ्यांसमोर असावी लागते. या बुलेटमध्ये गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे बोल्टने पक्का जोडलेला असतो. क्रँकशाफ्टच्या डाव्या टोकावर पंचवीस दातांचा इंजिन स्प्रॉकेट, मागे गिअरबॉक्सच्या शाफ्टवर छप्पन्न दातांचा क्लच स्प्रॉकेट, आणि दोघांना जोडणारी दुहेरी रोलरची प्रायमरी चेन. गिअरबॉक्स मागे-पुढे सरकत नसल्याने चेनचा ताण खालच्या बाजूला बसवलेली वक्र पट्टी वर-खाली करून साधावा लागतो. इंजिन स्प्रॉकेटच्या बाहेर, त्याच शाफ्टच्या टोकावर, अल्टरनेटरचा रोटर बसतो, ज्याला गॅरेजमध्ये सगळे मॅग्नेटच म्हणतात. रोटर शाफ्टवर एका छोट्या चावीने अडवलेला असतो आणि टोकाच्या नटाने आवळलेला असतो. त्याच्याभोवती अगदी थोडी फट ठेवून स्टेटरची, म्हणजे अल्टरनेटरच्या न फिरणाऱ्या भागाची, कॉइल प्लेट बसते. हे सारे एकाच चेनकेसमध्ये, इंजिनाच्या तेलापासून वेगळ्या तेलात चालते. म्हणजे डाव्या झाकणामागे ठोका देऊ शकतील अशा निदान चार जागा आहेत: चेन, क्लचचा ड्रम, इंजिन स्प्रॉकेट आणि रोटर. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी थेट क्रँकशाफ्टवर असल्याने त्यांचा आवाज शाफ्टमधून बेअरिंगमध्ये आणि तिथून सगळ्या क्रँककेसमध्ये पसरतो. तो बिग एंडच्या आवाजात बेमालूम मिसळतो तो याच कारणाने.

ऐकण्याचे काम

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन गरम होऊ दिली. थंड असताना येणारा आणि गरम झाल्यावर मावळणारा आवाज पिस्टनच्या सैलपणाचा असू शकतो. इथे तसे काही घडले नाही. उलट इंजिन गरम होऊन स्लो नीट बसल्यावर ठोका अधिक स्पष्ट झाला.

मग ठोक्यांची चाल पाहिली. हजार फेऱ्यांवर चालणाऱ्या या इंजिनात क्रँक मिनिटाला हजार वेळा फिरतो, परंतु एक्झॉस्टची धडधड, टॅपेट आणि कॅम ही सगळी निम्म्या गतीने, म्हणजे पाचशेच्या हिशेबाने चालतात. क्लचचा ड्रम स्प्रॉकेटच्या प्रमाणात सुमारे ४४६ फेऱ्या घेतो, आणि पूर्ण चेन एकदा फिरून यायला इंजिनाच्या तीनहून अधिक फेऱ्या लागतात. कानाला आकडे मोजता येत नाहीत, पण एक्झॉस्टच्या धडधडीशी ताळा निश्चित घालता येतो. ठोका दर धडधडीला एकदाच आणि हलका असेल तर वरच्या बाजूला टॅपेट-रॉकरकडे पाहावे. ठोका धडधडीच्या तालाशी हळूहळू मागे पडत किंवा सरकत जात असेल तर क्लच ड्रमकडे किंवा चेनमधील एखाद्या घट्ट जागेकडे पाहावे, कारण त्यांची गती इंजिनाच्या चक्राशी जुळत नाही. इथे ताल सरकत नव्हता. प्रत्येक धडधडीला दोन ठोके पडत होते, पण समान अंतराने नव्हे. दोन ठोके जवळजवळ, मग मोकळी जागा, पुन्हा दोन ठोके. या जोडठोक्याने माझे लक्ष पहिल्यांदा रोटरकडे वळले.

त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एका सिलिंडरच्या इंजिनात क्रँक एकसारख्या वेगाने कधीच फिरत नाही. पिस्टन मिश्रण दाबत वर जाताना क्रँक मंदावतो आणि ठिणगी पडल्यावर एकदम झटक्याने पुढे जातो. शाफ्टवर एखादा जड भाग फिरत्या दिशेने किंचितही सैल असेल, तर क्रँक मंदावताना तो भाग स्वतःच्या वेगाने पुढे जाऊन चावीच्या एका अंगाला आदळतो आणि लगेच पुढच्या क्षणी, क्रँक झेपावल्यावर, चावीचे दुसरे अंग त्याच्यावर आदळते. सैल दांड्याची कुऱ्हाड दोन्ही बाजूंनी खडखडावी तसा हा प्रकार आहे. हे दोन्ही धक्के वरच्या मृतबिंदूच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतानाच्या जागेच्या, अलीकडे-पलीकडे पडतात, म्हणून ते कानाला जोडीने ऐकू येतात. इंजिनाचा वेग वाढला की फ्लायव्हीलचा जोर हे चढउतार बरेच भरून काढतो आणि ठोका बोथट होतो. घोडबंदर रस्त्यावर रांगताना आवाज असह्य होई आणि रात्री मोकळ्या रस्त्यावर गाडी जवळजवळ शांत वाटे, हे मालकांचे निरीक्षण या हिशेबात अगदी चपखल बसत होते.

तरी एका खुणेवर निदान करणे मला पटत नाही. लांब पेचकसाची मूठ कानामागच्या हाडावर टेकवून टोक एकेका जागी धरले: उजवीकडे टायमिंग कव्हर, सिलिंडरचा पायथा, क्रँककेसचा खालचा भाग, गिअरबॉक्स, आणि शेवटी डावे झाकण. टायमिंगच्या बाजूला नेहमीची घरघर होती. सिलिंडरच्या पायथ्याशी ठोका ऐकू येत होता, पण दबलेला. डाव्या झाकणाच्या पुढच्या भागावर, म्हणजे शाफ्टच्या टोकासमोर, टोक धरताच आवाज इतका उसळून आला की कान मागे घ्यावा लागला. तेच टोक मागे क्लचसमोर नेल्यावर तो स्पष्टपणे कमी झाला. क्लच दाबून पाहिला. क्लच ड्रमचे बेअरिंग किंवा गिअरबॉक्सचा शाफ्ट दोषी असता तर क्लच दाबल्याने आवाज बदलायला हवा होता. तो तिळमात्र बदलला नाही.

त्यानंतर इंजिन थोडे चढ्या वेगावर नेऊन किल्ली बंद केली. ठिणगी बंद झाल्यावर पिस्टनवरचा जोराचा धक्का जातो, त्यामुळे बिग एंडचा ठोका साधारणपणे एकदम नरम पडतो. इथे इंजिन विझत जाताना ठोका तसाच चालू राहिला, आणि शेवटच्या क्षणी, पिस्टन दाबावर अडून क्रँक किंचित उलटा फिरला तेव्हा, एक सुटा, खणखणीत ‘ठक्’ आला. इंजिन थांबले असताना उलट्या झोक्यावर आलेला तो एकटा आवाज मला बाकी साऱ्या खुणांपेक्षा बोलका वाटला.

गाडी उपवनकडून येऊरच्या चढावर नेऊन आणली. बिग एंड गेलेले इंजिन चढावर ओझे घेताना बोंबलते. ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये मध्यम वेगावर ओढत असताना आवाज कमी झाला, आणि उतारावर थ्रॉटल मिटल्यावर परत आला. पॉइंट फार पुढे असल्याने, म्हणजे ठिणगी फार लवकर पडल्याने, येणारी खडखड चढावर, थ्रॉटल उघडल्यावर ऐकू येते. तीही शक्यता इथे मागे पडली.

बिग एंडला शेवटची संधी

प्लग काढून, पिस्टन वरच्या बिंदूच्या जरा पुढे असताना, चौथ्या गिअरमध्ये मागचे चाक धरून ठेवले आणि प्लगच्या भोकातून लाकडी दांडीने पिस्टन खाली दाबून पाहिला. बिग एंडमध्ये खेळ असेल तर दांडीला एक मऊ, निसटता धक्का जाणवतो. तसा धक्का जाणवला नाही. इंजिनाचे तेल काढून फिल्टर उघडला. त्यात काळे झालेले तेल होते, पण बोटांवर चोळल्यावर चकाकणारे बेअरिंगचे कण नव्हते. यावरून बिग एंड नव्यासारखा आहे असे म्हणता येत नाही, परंतु इतका मोठा ठोका देण्याइतका तो झिजलेला नाही, एवढे म्हणण्यास पुरेसा आधार मिळाला.

झाकणामागे

चेनकेसचे तेल खालून काढले. ते तांबूस-काळे होते आणि त्याला लोखंडी चव यावी असा वास होता. डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पॅडल काढले आणि मधला एकच मोठा नट सोडवून झाकण उतरवले. या गाडीच्या झाकणाला भोवताली बोल्टची रांग नसते. एका नटावर ते बसते आणि कडेची रबर पट्टी तेल अडवते. तेल गळते म्हणून हा नट बेसुमार आवळला जातो आणि मग झाकण वाकते, ही वेगळी कहाणी आहे.

चेन पाहताच माझ्या मदतनिसाने निकाल दिला, की चेन सैल आहे, पट्टी वर घेऊन झाकण लावू या. चेन खरोखरच सैल होती. वरच्या पदराच्या मध्यभागी सुमारे ६ मिलिमीटर खेळ हवा, तिथे त्याच्या दुपटीहून जास्त होता, आणि झाकणाच्या आतल्या अंगाला चेन घासल्याची चकाकती रेघही होती. इथे थांबणे सोपे होते, आणि बरेच लोक इथेच थांबतात. पण सैल चेनचा आवाज खडखडाटी, विस्कळीत आणि थ्रॉटलच्या प्रत्येक हालचालीला बदलणारा असतो. त्याला धडधडीशी बांधलेला जोडताल नसतो. चेनचा दोष खरा होता, पण तक्रारीतला ठोका त्याचा नव्हता.

रोटरच्या नटावर, रोटरच्या तोंडावर आणि शाफ्टच्या टोकावर खडूने एक सरळ रेघ ओढली. मग चौथ्या गिअरमध्ये मागचे चाक हाताने अगदी हळू पुढे-मागे केले. शाफ्टवरची रेघ सरकली, रोटरवरची जागच्या जागी राहिली. क्षणभराने रोटर झटक्याने उडी मारून तिच्या मागे आला, आणि त्याच वेळी तो ‘ठक्’ आला. रोटरमध्ये कायमचे चुंबक असल्याने तो स्टेटरच्या लोखंडी दातांसमोर स्वतःला अडकवून ठेवतो. सैल रोटर म्हणून शाफ्टबरोबर लगेच फिरत नाही, चावीच्या खाचेतला सारा खेळ संपल्यावरच ओढला जातो. ही चाचणी करायला इंजिन सुरू करावे लागत नाही, आणि ती पाहिल्यावर शंका उरत नाही. मालक समोरच उभे होते. त्यांनी स्वतः चाक फिरवून तो आवाज काढून पाहिला.

नट हाताच्या पान्याने, फारसा जोर न लावता सुटला. त्याच्या कडा छिन्नीने चेपलेल्या होत्या आणि खालचा लॉक वॉशर सपाट झालेला, दोनदा वाकवलेला होता. चौकशी केल्यावर कळले, की वर्षभरापूर्वी चार्जिंग होत नाही म्हणून एके ठिकाणी कॉइल प्लेट बदलली होती. तेव्हा रोटर काढून परत लावताना नट पान्याऐवजी छिन्नी-हातोडीने आवळला गेला आणि जुनाच वॉशर पुन्हा वापरला गेला, हे त्या कडांवर आणि त्या वॉशरवर लिहिलेले होते. छिन्नीने फिरवलेला नट घट्ट वाटतो, पण त्यात किती ताण आला याचा काही नेम नसतो. तो थोडा सैल पडला, की रोटरला धरून ठेवण्याचा सगळा भार चावीवर येतो, आणि चावीचे काम रोटरची जागा ठरवण्याचे आहे, ठोके सोसण्याचे नाही.

स्टेटर आधी उतरवला, मग रोटर नुसत्या हाताने बाहेर आला. चावीच्या दोन्ही अंगांवर पायऱ्या पडल्या होत्या आणि तिची वरची कड अर्धी कापली गेली होती. रोटरमधील खाच तोंडाशी रुंद होऊन घंटेच्या आकाराची झाली होती. खाचेत आणि शाफ्टवर तांबड्या-तपकिरी रंगाचा, बोटाला किंचित खरखरीत लागणारा लेप बसला होता. दोन लोखंडी पृष्ठभाग आवळलेले नसताना एकमेकांवर सूक्ष्म घासत राहिले की अशी गंजासारखी भुकटी होते आणि तेलात कालवली की तिचा असा लेप बनतो. चेनकेसच्या तेलाचा तांबूस रंग यातूनच आला होता. रोटरच्या बाहेरच्या अंगावर लोखंडी कणांची लव उभी होती, आणि स्टेटरच्या दोन दातांवर घासून उजळलेले डाग होते. ॲमीटरचा थरथरता काटा आणि बसका हॉर्न यांचा उलगडा इथे झाला: डुगडुगणारा रोटर फट सतत बदलत होता, त्यामुळे चार्जिंगही डळमळत होते.

इंजिन स्प्रॉकेट शाफ्टवर फिरत्या दिशेने हलवून पाहिला, खेळ नव्हता. दातांवर हुकासारखी झीज नव्हती. क्लच ड्रम दोन्ही हातांनी धरून डोलवला. थोडा खेळ होता, पण आवाज करण्याइतका नव्हे.

दुरुस्ती

प्रश्न रोटरचा होता. शेजारच्या गाळ्यातील टर्नरने खाच वेल्डने भरून नव्याने काढून देण्याची तयारी दाखवली. तो हातचा कुशल माणूस आहे आणि एरवी त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो. परंतु वेल्डची उष्णता चुंबकाचा जोर उतरवते, आणि भरलेली धातू बाजूच्या ओतीव भागाशी कशी वागेल याचा भरवसा नसतो. खर्च वाढला तरी रोटर नवाच घ्यावा, असे मी मालकांना सुचवले आणि त्यांनी ते मानले. रोटर विकत घेताना एक गोष्ट जरूर पाहावी: मधला लोखंडी गाभा आणि भोवतालचा चुंबकाचा भाग यांच्यात सैलपणा नको. जुन्या रोटरमध्ये कधी कधी खाच शाबूत असते पण गाभाच बाहेरच्या भागातून सुटलेला असतो, आणि तोही अगदी असाच ठोका देतो. तपासण्यासाठी गाभा पकडून बाहेरचा भाग दोन्ही दिशांनी पिळून पाहायचा.

शाफ्टवरील खाच हा खरा काळजीचा भाग होता, कारण ती बिघडली असती तर क्रँक बाहेर काढण्याची वेळ आली असती. लेप पुसून, बारीक कानसीने उठलेली कड तेवढी काढून, नवी चावी बसवून पाहिली. ती अंगठ्याच्या दाबाने अर्धी गेली आणि पितळी ठोकणीच्या हलक्या ठोक्याने पूर्ण बसली. हातांनी डोलवली तर हलत नव्हती. रोटर बसतो त्या शाफ्टच्या भागाचा व्यास मायक्रोमीटरने तीन जागी मोजला. झीज होती, पण नवा रोटर तिथे डुगडुगत नव्हता.

बसवण्यापूर्वी रोटर कापडात गुंडाळून ठेवला होता. गॅरेजात जमिनीवर सगळीकडे कानसीचे कण असतात आणि चुंबक ते सारे गोळा करतो. असा रोटर तसाच बसवला तर कण स्टेटरच्या फटीत जाऊन तिथेच दळले जातात. शाफ्ट आणि नटाचे आटे तेलमुक्त केले, आट्यांवर थ्रेड लॉकचे दोन थेंब टाकले, लॉक वॉशर आणि नट दोन्ही नवे घेतले. नट आवळताना क्रँक धरायचा कसा, हा नेहमीचा प्रश्न असतो. काही जण स्प्रॉकेट आणि चेनमध्ये लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा अडकवतात. त्याने चेनच्या एकाच कडीवर भलता ताण येतो, म्हणून ती पद्धत मी वापरत नाही. गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवली, आणि ब्रेक पॅडल काढलेले असल्याने मदतनिसाने मागच्या ड्रमची आर्म हाताने दाबून चाक धरले. टॉर्क पान्याने नट आवळला, वॉशरची कड वळवली, आणि नट व शाफ्टवर पिवळ्या रंगाची खूण केली.

स्टेटर परत बसवताना फट सगळीकडे सारखी आणि किमान ०.२० मिलिमीटर असायला हवी. स्टीलचे फीलर, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, रोटरला चिकटते आणि फसवे माप देते. पितळी पट्टी वापरली. मागच्या एका स्टडकडे फट कमी येत होती, तो स्टड थोडा वाकला होता. तो सरळ केल्यावर पट्टी पूर्ण फेरीत सारखी सरकली. इंजिन हळूहळू फिरवत रोटरच्या वेगवेगळ्या स्थितीत हे माप पुन्हा पाहिले, कारण एका स्थितीत बरोबर असलेली फट दुसऱ्या स्थितीत कमी असू शकते.

आता चेन. ती ताणून चोवीस कड्यांची लांबी मोजली. या चेनचा पिच, म्हणजे एका कडीची लांबी, ९.५२५ मिलिमीटर असल्याने नव्या चेनमध्ये ती २२८.६ मिलिमीटर भरते. इथे २३१ भरली, म्हणजे वाढ एक टक्क्याच्या आसपास. दोन टक्क्यांवर चेन टाकून द्यावी असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणून ती तूर्त ठेवली. मात्र चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक फिरवत सर्वांत घट्ट जागा वरच्या पदरात आणली आणि तिथे ६ मिलिमीटर खेळ राहील अशी पट्टी वर घेतली. सैल जागी ताण साधला असता तर घट्ट जागा आल्यावर चेनने क्रँक आणि गिअरबॉक्स या दोन्हींची बेअरिंगे खेचली असती.

झाकणाची रबर पट्टी नवी घातली, मधला नट बेताने आवळला, आणि लेव्हल स्क्रूमधून पाझरेपर्यंत तेल भरले. ते अर्ध्या लिटरपेक्षा थोडे कमी लागले. टॅपेटही पाहिले: थंड इंजिनात पुशरॉड बोटांनी फिरावा पण वर-खाली खेळू नये, एवढेच पाहायचे असते.

परिणाम

पहिल्या दोन-तीन किकमध्येच गाडी सुरू झाली. स्लोवर ठोका नव्हता. पेचकस पुन्हा डाव्या झाकणावर त्याच जागी टेकवला; चेनची सळसळ आणि दूरवरची धडधड, एवढेच ऐकू आले. किल्ली बंद केल्यावर क्रँकचा उलटा झोकाही निःशब्द गेला. ॲमीटरचा काटा स्थिर होता आणि थ्रॉटल वाढवल्यावर सावकाश उजवीकडे सरकत होता. मालकांनी गाडी संध्याकाळच्या गर्दीत माजिवड्याहून घोडबंदर रस्त्याने घरी नेली, म्हणजे ठोक्याला सर्वांत अनुकूल परिस्थितीत, आणि पोहोचल्यावर आवाज नाही असे कळवले. एका मध्यम वेगाला चेनचा हलका गुणगुणाट ऐकू येतो, असेही ते म्हणाले. तो त्या असमान झिजलेल्या चेनचा आहे आणि तो राहणारच.

सुमारे पाचशे किलोमीटरनंतर त्यांना पुन्हा बोलावले. असे काम झाल्यावर झाकण एकदा उघडून पाहणे मी आवश्यक मानतो, मग गाडी कितीही शांत चालत असो, कारण नव्या वॉशरखाली सुरुवातीला पृष्ठभाग किंचित दबतात. पिवळी खूण नट आणि शाफ्टवर एका रेषेत होती. टॉर्क पाना त्याच मापावर लावल्यावर नट हलला नाही. चेनकेसचे तेल रंगाने स्वच्छ होते आणि रोटरवर लोखंडी लव नव्हती. चेनचा खेळ मात्र थोडा वाढला होता, म्हणून पट्टी जराशी वर घेतली. ती आणखी फारशी वर जाऊ शकत नाही. पुढच्या वेळी ताण घेण्याची वेळ आली की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायचे, असे मालकांच्या वहीत लिहून दिले आहे. त्याच वेळी क्लच उतरवावा लागणार असल्याने ड्रमचे बेअरिंगही मोजून घ्यावे, असेही त्यात नोंदवले आहे.